केंद्रप्रमुखाला वर्गात बसू द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालचा अग्रलेख वाचून राहवले नाही. प्राथमिक शाळांच्या तपासणीला येणारे शेरेबहीत सही ठोकून निघून जातात, असे आपण म्हटले आहे. मी अकरा वर्षे केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांच्या एका गटावर (केंद्रावर) देखरेख करणारा, होतो. आपले म्हणणे खोटे नाही. पण तो माणूस का निघून जातो, हे आपण त्यांच्यातल्या एकालाही विचारलेले दिसत नाही.

एकच दिवस सांगतो. डोंगरातली द्विशिक्षकी शाळा. तिसरीच्या मुलांमध्ये मांडी घालून बसलो होतो. फळ्यावर ५२ वजा २७. शेजारच्या मुलीने पाटीवर उत्तर लिहिले, ३५. दोनातून सात जाईनात, म्हणून तिने सातातून दोन काढले होते. बाजूच्या तिघांच्या पाट्यांवरही ३५च. म्हणजे चूक मुलांची नव्हती. दहा काड्यांचा गठ्ठा सोडून दाखवायचा राहिला होता. तास संपला की गुरुजींशी निवांत बोलायचे ठरवले, तेवढ्यात तालुक्याहून फोन. केंद्रातल्या सगळ्या शाळांची माहिती दोन वाजेपर्यंत, ठरलेल्या नमुन्यात, निरंक असली तरी. शाळेत रेंज नाही. ‘अध्यापन समाधानकारक’ एवढे शेरेबहीत लिहून मी गाडी काढली. त्या शाळेत पुन्हा जायला अडीच महिने लागले. तोवर ती मुलगी आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली होती. तो शेरा मला आजही बोचतो.

साधारण दहा शाळांमागे एक असे हे पद १९९४ मध्ये निर्माण झाले, ते गुरुजींच्या पाठीशी वर्गात उभा राहणारा माणूस हवा म्हणून. आज राज्यात ४,८६० पदे मंजूर आहेत, पण त्यातली कितीतरी वर्षानुवर्षे रिकामी राहतात आणि रिकाम्या केंद्राचा कार्यभार शेजारच्या केंद्रप्रमुखाच्याच गळ्यात पडतो. शेवटची तीन वर्षे माझ्याकडे बावीस शाळा होत्या. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देता येत नाही, असे शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ सांगते. ते पुरते पाळले जात नाही, तरी शिक्षकाला निदान बोट ठेवायला जागा आहे. केंद्रप्रमुखाने कशावर बोट ठेवायचे? पोषण आहार, यू-डायस (शाळांच्या माहितीची सरकारी नोंद), आधार, गणवेश, सगळ्याची माहिती त्यानेच गोळा करायची. आठवड्यातले तीन दिवस त्याच्याकडे कोणतीही माहिती मागू नये, असा लेखी आदेश निघायला हवा. आपल्या वृत्तपत्राने त्याचा पाठपुरावा करावा, ही विनंती.

आणखी एक. अग्रलेखाआधीच्या बातमीत चुकीचे उत्तर लिहिलेली पाटी हातात धरलेल्या मुलाचा फोटो आपण छापला, चेहऱ्यासकट. आपला अंक त्याच्या गावातही जातो. उद्या तो वर्गात हात वर करील का? कृपया तो फोटो संकेतस्थळावरून आजच काढावा.

आपला,
एक सेवानिवृत्त केंद्रप्रमुख