हिरव्या पाण्याविषयी दत्तास पत्र

मुलुंड (पूर्व), मुंबई
दि. १४ ऑक्टोबर

प्रिय दत्ता यास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले आणि सईने काढलेला टाकीचा फोटोही पाहिला. द्राक्षबागेच्या ऑक्टोबर छाटणीच्या ऐन धांदलीत तू मुलीच्या माशांसाठी दोन पाने लिहिलीस, यावरून घरात काय रडारड झाली असेल याची कल्पना आली. पाणी पालकाच्या पातळ भाजीसारखे झाले आहे, मासे काचेला येऊन टेकले तरच दिसतात, आणि दुकानदाराने दिलेली शेवाळनाशकाची अर्धी बाटली ओतून झाली असून उरलेली अर्धी आता ओतावी का, असे तू विचारतोस. ओतू नकोस, हे फोनवर सांगितलेच आहे. त्याचे कारण नीट सांगायचे तर मला माझ्या टाकीची कहाणी सांगावी लागेल, आणि तिच्यात तुझाही मोठा वाटा आहे, हे तू बहुधा विसरला असशील.

दोन वर्षांपूर्वी मी तीन फूट लांब, एक फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी टाकी घेतली. हिशेबाने ती सव्वाशे लिटरची होते, पण माती, दगड आणि लाकूड वजा जाता तिच्यात शंभर लिटरच पाणी मावते. ती मी हौसेने दिवाणखान्यातील पश्चिमेच्या खिडकीजवळ ठेवली, कारण दुपारचे ऊन पाण्यातून आरपार जाताना फार सुंदर दिसे. शिवाय मुलांना रात्री मासे पाहायचे असत, म्हणून वरचा दिवाही सकाळपासून रात्री अकरापर्यंत चालू राही. कुर्ल्याच्या बाजारातून वनस्पतींच्या चार-पाच जुड्या आणून लावल्या. त्या बहुतेक पाण्याबाहेर वाढवलेल्या असतात, त्यामुळे पाण्यात गेल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत त्यांची जुनी पाने गळतात आणि मग पाण्यातील नवी पाने येतात. हे मला ठाऊक नव्हते. पाने कुजत राहिली आणि मी ती तशीच राहू दिली.

पहिल्या पंधरवड्यात काचेवर बोटाने पुसता येणारा तपकिरी थर आला. तो डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाचा असतो, नव्या टाकीत हमखास येतो आणि बहुधा आपोआप जातो. त्यानंतर हिरवे धागे आले, आणि पावसाळा संपता संपता लाकडाच्या कडांवर व अनुबियस या पाणवनस्पतीच्या जाड पानांवर काळ्या दाढीसारखे झुपके उगवले. या काळ्या शेवाळाची गंमत अशी, की शास्त्राच्या दृष्टीने ते लाल शेवाळांच्या कुळातील आहे. त्याचा झुपका स्पिरिटमध्ये बुडवला तर त्यातील हिरवे द्रव्य विरघळून तो लालसर दिसू लागतो. त्या वेळी मात्र मला गंमत वगैरे काही वाटली नव्हती. मी तुझ्यासारखीच बाटली आणली. अशा बऱ्याच औषधांत तांबे असते. बागेवर फवारायच्या बोर्डो मिश्रणासाठी तू जे मोरचूद (कॉपर सल्फेट) वापरतोस, त्याचीच ही धाकटी भावंडे. तांबे शेवाळ मारते हे खरे, पण कोळंबी आणि गोगलगाई त्याआधी मरतात. माझी सगळी कोळंबी दोन दिवसांत गेली आणि वॅलिस्नेरिया या पाणवनस्पतीची पाने लोळागोळा झाली. मेलेले शेवाळ तिथेच कुजले, त्यातून अमोनिया सुटला, आणि तीन आठवड्यांनी शेवाळ पूर्वीपेक्षा जोमाने परत आले. त्याचे खाद्य मीच शिजवून ठेवले होते.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. शेवाळ खतावर वाढते, तेव्हा पाण्यात खत उरूच द्यायचे नाही, असे ठरवले. हा विचार अगदीच अडाणीपणाचा नव्हता. पाण्यातील फॉस्फेट आवळून धरले की शेवाळ हटते, असे मानणारे अनुभवी लोक एके काळी बरेच होते. मी माशांचे खाणे निम्मे केले, खताचा थेंबही टाकला नाही आणि दर दोन दिवसांनी पाणी बदलले. परिणामी रोटाला या वनस्पतीचे शेंडे खुरटले, हायग्रोफिला या दुसरीच्या जुन्या पानांना टाचणीने टोचल्यासारखी भोके पडली, आणि काचेवर नाणे घासूनही निघणार नाहीत असे कडक हिरवे ठिपके आले. ती भोके पोटॅशच्या कमतरतेची आणि ते ठिपके बहुधा फॉस्फेट अगदी कमी पडल्याची खूण असते, हे मला पुष्कळ नंतर कळले.

त्याच सुमारास तू बाजार समितीच्या कामासाठी वाशीला आला होतास आणि रात्री मुक्कामाला आमच्याकडे होतास. टाकीसमोर बसून चहा पिता पिता तू विचारलेस, "वेल उपाशी ठेवून बागेतले गवत मरते होय रे?" मी हसलो, पण रात्री झोप लागली नाही. शेवाळाची भूक इतकी लहान, की त्याला पुरेल एवढे अन्न माशांच्या विष्ठेतून आणि गळालेल्या पानांतूनही मिळते. उपासमार केली तर आधी मोठी वनस्पती मरणार, आणि तिची मरती पाने शेवाळाच्याच पंगतीला वाढली जाणार. म्हणजे मी गेले सहा महिने तणाशी भांडत होतो आणि पिकाकडे पाठ फिरवून बसलो होतो. वाढत्या, टवटवीत पानावर शेवाळ सहसा बसत नाही. थांबलेल्या, म्हाताऱ्या पानावरच ते मुक्काम ठोकते. तेव्हा प्रश्न शेवाळ कसे मारावे हा नसून वनस्पती कशामुळे थांबली आहे हा आहे, आणि तो मला एका द्राक्षबागायतदाराने विचारायला लावला.

वनस्पती थांबते ती जी गोष्ट सर्वांत कमी पडते तिच्यामुळे, हा लीबिगचा नियम तुला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. पाण्यात ही कमी पडणारी गोष्ट बहुतेक वेळा कार्बन असते. बाहेरच्या झाडाला हवेतून कार्बन डायऑक्साइड सहज मिळतो, पण पाण्यात तो हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट मंद गतीने पसरतो, आणि हवेशी समतोल साधलेल्या साध्या पाण्यात तो लिटरमागे एक मिलिग्रॅमही नसतो. अशा पाण्यावर बारा-चौदा तास प्रखर उजेड ओतणे म्हणजे मजुराला भाकरी न देता दोन पाळ्या राबवणे होय. उजेड ठरवतो की वनस्पतीला किती भूक लागणार. ती भूक आपल्याला भागवता येत नसेल तर उजेडच कमी केला पाहिजे. म्हणून मी सर्वांत आधी खिडकीला जाड पडदा लावला आणि दिव्याला टायमर जोडून संध्याकाळी चार ते दहा असे सहाच तास ठेवले. नुसत्या एवढ्यानेच महिनाभरात धागे निम्मे झाले. दत्ता, पैसे न लागणारा उपाय माणूस सगळ्यात शेवटी का करतो, कोणास ठाऊक!

कार्बनसाठी आधी साखर आणि यीस्टची बाटली लावून पाहिली. थंडीत ती बरी चाले, पण मुंबईच्या मे महिन्यात ती चार दिवस उतू जाई आणि आठवड्यात थंड पडे. काळ्या दाढीला नेमके हेच मानवते: कार्बन डायऑक्साइड आज भरपूर, उद्या नाही. अखेर छोटा सिलिंडर घेतला. दिवा लागण्याआधी तासभर वायू सुरू होतो आणि दिव्याबरोबर बंद होतो. काचेच्या आत एक छोटा काचेचा फुगा चिकटवला आहे, त्यातील निळे द्रावण हिरवे झाले की लिटरला सुमारे तीस मिलिग्रॅम वायू आहे असे समजावे. ते पिवळे झाले तर वायू जास्त झाला, आणि मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकू लागतात. उरलेल्या दाढीवर फिल्टर बंद करून तीन टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड सिरिंजने थोडेथोडे सोडले. दोन-चार दिवसांत ती गुलाबी पडली आणि नव्याने आणलेल्या कोळंबीने ती खाऊन टाकली.

खताचे श्रेय सर्वस्वी तुझे. तू एस.टी.ने पाठवलेल्या त्या खतांच्या दोन पुड्या, १३:००:४५ आणि ००:५२:३४ (हे आकडे नत्र, स्फुरद आणि पालाश यांच्या टक्केवारीचे), अजून पुरत आहेत. पहिली म्हणजे जवळजवळ शुद्ध पोटॅशियम नायट्रेट आणि दुसरी मोनोपोटॅशियम फॉस्फेट. शौकिनांच्या दुकानात हीच द्रव्ये शोभेच्या बाटलीत भरून कितीतरी महाग मिळतात. शंभर लिटरला आठवड्याचे दोन ग्रॅम नायट्रेटचे खत तीन हप्त्यांत घालतो, त्यातून लिटरमागे बारा मिलिग्रॅम नायट्रेट मिळते. फॉस्फेटचे खत आठवड्याला एक पंचमांश ग्रॅमच, म्हणजे लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या आत. लोह वेगळ्या दिवशी घालतो, कारण फॉस्फेट आणि लोह एकत्र आले की साका होऊन दोन्ही वाया जातात. दर रविवारी निम्मे पाणी बदलतो, त्यामुळे मापात थोडी चूक झाली तरी ती साठत जात नाही. काचेवरचे कडक ठिपके फॉस्फेट घालू लागल्यावर कमी झाले, हे सांगितल्यावर आमच्या शेजाऱ्यांचा विश्वास बसला नव्हता. मात्र तुझ्या गोदामात १९:१९:१९ ची गोणी असेलच. तिच्यातील नत्रात युरिया आणि अमोनिया असतो, म्हणून तिला टाकीच्या आसपासही फिरकू देऊ नकोस.

आता तुझ्या टाकीकडे वळतो. तुझे हिरवे पाणी हे धाग्यांचे शेवाळ नव्हे. ते पाण्यात तरंगणाऱ्या एकपेशीय शेवाळाचे आहे, आणि त्या पेशी इतक्या सूक्ष्म असतात की साध्या स्पंजच्या फिल्टरमधून त्या सुखाने ये-जा करतात. तुझी टाकी ओसरीवर उन्हात आहे, आणि सई दिवसातून चार वेळा खाणे टाकते असे तूच लिहिले आहेस, तेव्हा ऊन आणि अमोनिया या दोन्हींची सोय झालेली आहे. आधी निम्मे पाणी बदल, म्हणजे औषधातले तांबेही निम्म्यावर येईल. मग टाकीवर जाड गोधडी अशी गुंडाळ की उजेडाची तिरीपही आत जाणार नाही, आणि चार दिवस ती काढू नकोस. हवेचा पंप रात्रंदिवस चालू ठेव, कारण मरणारे शेवाळ प्राणवायू खाते. खाणे बंद, मासे चार दिवसांच्या उपवासाने मरत नाहीत, हे सईला समजावून सांग. चार दिवसांनी गोधडी काढून पुन्हा निम्मे पाणी बदल आणि टाकी आतल्या खोलीत हलव, नाहीतर पंधरा दिवसांत पुन्हा पालकाची भाजी होईल.

वनस्पती निवडताना माझी नक्कल करू नकोस. आमच्याकडे भातसा-वैतरणा धरणांचे पाणी येते, ते सह्याद्रीच्या काळ्या पाषाणावर पडलेले पावसाचे पाणी, म्हणून क्षार कमी असलेले, अगदी मऊ. मला त्यात उलट मॅग्नेशियम सल्फेट घालावे लागते, आणि क्लोरीन घालवण्यासाठी सोडियम थायोसल्फेटचे थेंब. तुझ्या विहिरीचे पाणी गिझरच्या कॉइलवर पांढरे थर चढवणारे. त्यात रोटाला कुढत बसेल, पण वॅलिस्नेरिया आणि हायड्रिला मजेत वाढतील, कारण त्या अशा जड (क्षारयुक्त) पाण्यातील बायकार्बोनेटमधून कार्बन काढून घेऊ शकतात, आणि तुला सिलिंडरचा खर्चही पडणार नाही. पहिल्याच दिवशी तळ झाकेल इतक्या लाव. दोन काड्या लावून त्या पसरण्याची वाट पाहिली तर मधल्या काळात जागा शेवाळ घेते. आमच्या जवळचा पवई तलाव जलपर्णीने झाकला जातो तेव्हा खालच्या पाण्यात उजेडच पोचत नाही; तीच युक्ती लहान प्रमाणात करायची तर मूठभर गोंडाळ (पाण्यावर तरंगणारी वनस्पती) टाकीत सोड, पण दर आठवड्याला निम्मे काढून टाक.

एक गोष्ट मला छाटणीने शिकवली. तू वेल छाटतोस तेव्हा त्याला फुटव्यासाठी वेळ देतोस. मी मात्र एकदा सगळे झाड अर्ध्यावर कापून दिवा तसाच चालू ठेवला, आणि खाणारी पाने कमी झाल्यावर उरलेला उजेड शेवाळाने घेतला. आता मोठ्या कापणीनंतर आठवडाभर दिवा चारच तास लावतो.

दुकानदार शेवाळ खाणारा मासा देऊ करील. तो बहुधा ‘चायनीज अल्गी ईटर’ या नावाने विकला जाणारा असेल. लहानपणी गुणी असतो, पण मोठा झाल्यावर शेवाळ सोडून इतर माशांच्या अंगाला चिकटतो. त्यापेक्षा साध्या गोगलगाई बऱ्या, पण त्या तांबे पूर्ण गेल्यावरच, म्हणजे आणखी दोन-तीनदा पाणी बदलल्यावर सोड.

खताबद्दल मात्र एकदम काही करू नकोस. द्राक्षबागेतल्या विहिरीच्या पाण्यात झिरपलेले नायट्रेट आधीच भरपूर असू शकते, आणि तसे असेल तर तुला १३:००:४५ ची गरजच पडणार नाही. दिवाळीला येशील तेव्हा विहिरीचे पाणी एका स्वच्छ बाटलीत काठोकाठ भरून आण. माझ्याकडे तपासणीचा संच आहे, दहा मिनिटांत सांगतो. सईसाठी वॅलिस्नेरियाची वीस-पंचवीस रोपे ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून तयार ठेवीन, फक्त परतीच्या गाडीत ती खिडकीच्या उन्हात ठेवू नकोस.

आईंना आणि वहिनींना नमस्कार, सईस अनेक आशीर्वाद.

तुझाच,
अरविंद