तेलाला गुहा आहेत, गॅसला का नाहीत?

मा. संपादक,

ऊर्जासुरक्षेवरील आपला अग्रलेख वाचला. रशियाचे स्वस्त तेल, अमेरिकेचा दबाव, तेलउत्पादक देशांच्या ‘ओपेक’ संघटनेची गणिते, सगळे त्यात आले. स्वयंपाकाचा गॅस तेवढा राहून गेला, आणि आपली खरी दुखरी नस तीच आहे.

कच्च्या तेलाची निदान काही तरतूद आहे. विशाखापट्टणम, मंगळूरु आणि पाडूर इथल्या भूमिगत गुहांमध्ये ५३ लाख टन तेल मावते. त्या भरलेल्या असल्या तर सरकारी अंदाजाने देशाची सुमारे साडेनऊ दिवसांची गरज भागते. शिवाय तेलाचा दुकानदार बदलता येतो. २०२२ पूर्वी आपल्या आयातीत रशियाचा वाटा दोन टक्क्यांच्या आत होता, पुढच्या वर्ष-दीड वर्षात तो तिसऱ्या हिश्श्याच्या वर गेला.

गॅसचे तसे नाही. २०२४-२५ मध्ये देशाने सुमारे ३ कोटी १३ लाख टन एलपीजी वापरला, म्हणजे रोजचा ८५ हजार टन. त्यातला साठ टक्क्यांहून जास्त बाहेरून येतो आणि तोही बहुतांश इराणलगतच्या होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून. दर महिन्याला सौदी अरेबियाची तेल कंपनी अरामको प्रोपेन-ब्युटेनचा, म्हणजे एलपीजी ज्यांचा बनतो त्या वायूंचा, भाव जाहीर करते आणि आपल्या टाकीचा हिशेब तिथून सुरू होतो. साठवण किती? मंगळूरुच्या गुहेत ८० हजार टन, विशाखापट्टणमला ६० हजार. दोन्ही काठोकाठ भरल्या तरी देशाचा दोन दिवसांचा स्वयंपाक होत नाही. बंदरांवरच्या आणि बॉटलिंग प्लांटमधल्या टाक्या आहेत, पण तो रोजच्या उलाढालीचा माल; अडीअडचणीसाठी बाजूला काढलेला नव्हे.

जून २०२५ मध्ये इराणच्या संसदेने होर्मुझ बंद करण्याच्या बाजूने कौल दिला, तेव्हा सुदैवाने बोलण्यावरच निभावले. त्यानंतर नोव्हेंबरात आपल्या सरकारी तेल कंपन्यांनी २०२६ साठी अमेरिकेकडून २२ लाख टन गॅस घेण्याचा करार केला. बरे झाले, पण तो आयातीच्या जेमतेम दहावा हिस्सा. आखातातून काही दिवसांत येणारे जहाज तिकडून यायला महिना-सव्वा महिना घेते.

माझे लग्न झाले तेव्हा गॅसचा नंबर लागायला वर्षानुवर्षे जात. खासदारांच्या कोट्यातले कूपन मिळवून देणारा नातेवाईक म्हणजे देवमाणूस. पण तेव्हा गॅस नसला तरी वातीचा स्टोव्ह होता, रेशनचे रॉकेल होते. आज ‘उज्ज्वला’मुळे दहा कोटींहून अधिक घरांत शेगडी गेली, ते उत्तमच झाले. रॉकेल मात्र जवळपास हद्दपार झाले आणि शहरात चूल मांडायची कुठे? टाकी आली नाही तर हाताशी दुसरे काहीच नाही.

तेव्हा तेल कंपन्यांना किमान महिनाभराचा गॅस राखीव ठेवण्याची सक्ती करावी आणि त्यासाठी गुहांचा खर्च केंद्राने उचलावा. विजेवर स्वयंपाक हा दुसरा मार्ग आहेच, कारण आपली बरीचशी वीज देशातल्या कोळशावर होते. पण महावितरणच्या बिलात शंभर युनिट ओलांडले की दर एकदम उडी घेतो आणि रोज दोन वेळचा स्वयंपाक इंडक्शनवर केला तर ते ओलांडणारच. इंडक्शनवर भाकरी फुगत नाही ही तक्रार मी सोडून देते. त्या वरच्या युनिटांच्या दराचे काय करणार, एवढे सरकारने आधी सांगावे.

– एक गृहिणी, डोंबिवली (पूर्व)