आमच्या डाय परत आणा: कामगार मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

माननीय मंत्रीमहोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या गुरुवारी रात्री अडीचच्या सुमारास आमच्या कंपनीच्या मागच्या गेटातून तीन ट्रेलर बाहेर पडले. ताडपत्र्या करकचून बांधलेल्या, नंबरप्लेटवर चिखल फासलेला. आत काय आहे ते मला उघडून बघायची गरज पडली नाही. गतिरोधकावर ट्रेलर चढताना कसा कण्हतो त्यावरून मागे किती टन आहे ते कळतं. आमच्या डाय होत्या त्या.

मी चाकणला मोटारींची दारं आणि तळाचे पत्रे बनवणाऱ्या एका कंपनीत अठरा वर्षं कामाला आहे, आज डाय सेटर, म्हणजे प्रेसवर डाय बसवणारा. प्रकरण कोर्टात आहे, म्हणून कंपनीचं नाव लिहीत नाही. डाय म्हणजे पत्र्याला दाराचा आकार देणारा पोलादी साचा. वरचा आणि खालचा भाग मिळून आठ-दहा टन सहज भरतो. पत्रा बाजारात मिळतो, प्रेस मशीनही मिळतं. डाय गेली की कारखान्याची नुसती शेड उरते.

दोन महिन्यांपूर्वी कामबंदीची कुणकुण लागली तेव्हा आम्ही रीतसर चौदा दिवसांची संपाची नोटीस दिली. मग एक मोठे लोकप्रतिनिधी गेटवर आले. माईक हातात घेऊन म्हणाले, "बोलणी पुरी होईपर्यंत इथला एक खिळासुद्धा हलणार नाही, हा माझा शब्द आहे." आम्ही टाळ्या वाजवल्या आणि त्या शब्दावर संपाची नोटीस मागे घेतली. आठ दिवसांनी "ऑर्डर नाही" असं सांगून कंपनीने काम थांबवलं आणि आम्हाला बाहेर ठेवलं. कोर्टाच्या मनाईहुकुमाने आम्ही आता गेटपासून दोनशे मीटर लांब, रस्त्याकडेला मंडप टाकून बसलोय. तिथून गेट दिसतं, पण त्या रात्री पळत जाईपर्यंत ट्रेलर हायवेला लागले होते. एका ड्रायव्हरने चहाच्या टपरीवर सांगितलं, माल न्हावा-शेवा बंदरात जायचाय. म्हणजे देशाबाहेर. ज्यांनी शब्द दिला त्यांचा फोन तेव्हापासून लागत नाही.

साहेब, डाय हलवणं म्हणजे काय असतं हे मोटार कामगारांना जगभर माहीत आहे. युनियनच्या अभ्यासवर्गात आम्हाला अमेरिकेतल्या फ्लिंट शहराची हकिकत सांगितली होती. मिशिगन राज्यातलं हे जनरल मोटर्सचं शहर. ३० डिसेंबर १९३६ ला तिथल्या फिशर बॉडी कारखान्यातल्या कामगारांनी पाहिलं की डाय रेल्वेच्या डब्यांत चढवल्या जातायत, युनियन कमजोर आहे अशा ठिकाणी पाठवायला. ते लोक घरी गेलेच नाहीत. कारखाना ताब्यात घेऊन आतच बसले, ऐन हिवाळ्यात ४४ दिवस. तिथले गव्हर्नर फ्रँक मर्फी यांनी नॅशनल गार्डचे सैनिक बोलावले, पण कामगारांना बाहेर फेकायला ते वापरले नाहीत. ११ फेब्रुवारी १९३७ ला कंपनीने युनियनला मान्यता दिली. पुढे १९९८ साली त्याच फ्लिंटमध्ये कंपनीने सुट्टीच्या दिवसांत डाय हलवल्या. जूनच्या ५ तारखेला संप सुरू झाला, ५४ दिवस चालला आणि त्या डाय फ्लिंटला परत आणाव्या लागल्या. ऐकताना वाटलं होतं, कुठली लांबची गोष्ट. आज तीच आमच्या मागच्या गेटातून निघून गेली.

मला कुणाच्या पोटावर पाय देऊन काम नको. आमची मोठी प्रेस २००८ साली मूळ परदेशी कंपनीच्या तिकडच्या बंद पडलेल्या कारखान्यातून आली, सेकंडहँड. लाकडी खोक्यांतून उतरवली, पाया भरला, नारळ फोडला. मी इलेक्ट्रिक पॅनेलचं दार उघडलं तर आतल्या बाजूला पांढऱ्या रंगाने नऊ नावं लिहिलेली, खाली एक तारीख आणि दोन शब्द. आमच्या इंजिनिअरने वाचून सांगितलं, 'शेवटची पाळी.' आम्ही त्यावर कधी रंग मारू दिला नाही. पण खरं सांगतो, त्या दिवशी आम्हाला पेढ्यांचीच घाई होती. त्यांचं काम गेलं म्हणून ते आमच्याकडे आलं, एवढा विचार करायचं आमचं वय नव्हतं. आता ती प्रेसही खोलायला घेतलीय असं ऐकतो. त्या नऊ नावांखाली आमची नावं लिहायला आम्हाला आत सोडलं नाही.

आता माझं सांगतो. मी मूळचा भूम तालुक्यातला. दोन एकर कोरडवाहू भावाकडे ठेवून इकडे आलो. २०१३ साली हात आत असला की मशीन थांबवणारा सेन्सर बायपास करून मशीन चालवायचा हुकूम होता, कारण प्रॉडक्शन मागे होतं. त्या दिवशी उजव्या हाताची दोन बोटं गेली. पत्रा बोटांवर बसला तेव्हा आधी थंड लागलं, दुखलं नंतर. कंपनीच्या गाडीतून दवाखान्यात नेताना सुपरवायझर सारखा एकच सांगत होता, "घरी पडलो म्हणून सांग." मी तसंच सांगितलं. कारण तेव्हा मी कायम झालो नव्हतो. दीड वर्षाने कायम झालो. तीन बोटांच्या हाताने मी पुढे डाय लावायला शिकलो, आणि मागच्या डाव्या दाराच्या आतल्या पॅनेलची डाय माझ्याशिवाय कुणाला नीट बसत नव्हती. तिच्या डाव्या कोपऱ्याखाली पाव मिलिमीटरची शिम, म्हणजे पातळ पत्र्याची पट्टी, सारावी लागते, नाहीतर पत्रा कोपऱ्यात फाटतो. हे ड्रॉइंगमध्ये नाही. माझ्या खिशातल्या डायरीत आहे. ती डायही गेली तर कुठल्यातरी देशात उतरेल आणि तिथला एखादा पोरगा पत्रे फाडत बसेल.

माझं वय ४६. एमआयडीसीत कुठेही गेलो की पहिला प्रश्न वयाचा, दुसरा हाताचा. कंत्राटदार म्हणतो, "तिशीच्या आतली पोरं द्या, किंवा ट्रेनी." घराचा हप्ता आहे. मुलगी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिची फी बायकोने गंठण ठेवून भरली. कारखाना बंद केल्याची भरपाई वर्षाला पंधरा दिवसांचा पगार. अठरा वर्षांचे अठरा पंधरवडे, म्हणजे नऊ महिने. माझ्या अठरा वर्षांचे नऊ महिने झाले, साहेब.

आणि हे सगळं कायद्यात बसतं, याचाच जास्त राग येतो. आधी शंभर किंवा जास्त कामगार असले तर कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागायची. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि तो आकडा तीनशे झाला. आमच्याकडे कायम माणसं १३८. त्यांच्याच शेजारी, त्यांचंच काम करणारे कंत्राटी आणि ट्रेनी अडीचशेच्या वर. हजेरीपट वेगळा, म्हणून ती माणसं मोजायचीच नाहीत. संप करायचा तर चौदा दिवस आधी सांगा. समेटाची बोलणी चालू असतील तर करूच नका. निम्म्या लोकांनी एकाच दिवशी रजा टाकली तरी तो संपच धरणार. आम्ही संपावर जाणार हे मालकाला दोन आठवडे आधी कळायलाच हवं. डाय जाणार हे आम्हाला दोन तास आधी तरी कळलं का?

कंपनी म्हणते डाय ग्राहकाच्या मालकीच्या आहेत, त्या त्यांनी मागितल्या. खरं असेल. व्हेंडर म्हणजे आमच्या कंपनीसारखे सुटे भाग पुरवणारे, त्यांच्याकडच्या पुष्कळ डाय मोटार कंपनीच्याच असतात. मग त्या ग्राहकाला बोलणीला बोलवा ना! मोठी कंपनी म्हणते तो व्हेंडरचा प्रश्न, व्हेंडर म्हणतो परदेशातल्या मुख्य कार्यालयाचा, आणि सरकारी कार्यालयात गेलो की "वरून आदेश नाहीत". वर म्हणजे कुठे ते एकदा सांगा, आम्ही तिथे मंडप टाकतो.

आमच्या शेजारी तळेगावला काय झालं ते आठवा. जनरल मोटर्सने २०१७ अखेर भारतात गाड्या विकणं बंद केलं, तळेगावातून निर्यात तेवढी चालू ठेवली आणि डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन थांबवलं. मधल्या काळात चीनच्या ग्रेट वॉल या मोटार कंपनीचा गाजावाजा झाला. १५ जून २०२० ला राज्य सरकारने त्यांच्याशी ३,७७० कोटींचा सामंजस्य करार केला आणि त्याच रात्री गलवानमध्ये चिनी सैन्याशी लढताना आपले जवान शहीद झाले. करार अडकला तो अडकलाच. शेवटी ह्युंदाईने कारखाना घेतला, जानेवारी २०२४ मध्ये व्यवहार पुरा झाला. घेतली ती जमीन, इमारती आणि यंत्रं. जुने कामगार त्या यादीत नव्हते. हजाराहून जास्त घरं होती हो ती! उलट गुजरातेत साणंदला फोर्डचा कारखाना टाटांनी ७२५ कोटी ७० लाखांना घेतला तेव्हा पात्र कामगारांना सामावून घ्यायचं करारातच लिहिलं होतं. म्हणजे हे जमतं. साणंदला जमतं तर तळेगावला का नाही जमलं, याचं उत्तर मुंबईतल्या कुठल्याच सरकारने दिलेलं नाही. आणि मी कुठल्याच पक्षाला सोडत नाही, कारण या काळात सगळेच सत्तेत बसून गेले.

भाषणात चाकणला डेट्रॉइट म्हणायची पद्धत आहे. ते खरं डेट्रॉइट शहर जुलै २०१३ मध्ये दिवाळखोरीत गेलं, हे भाषण लिहून देणाऱ्याला कुणी सांगत नाही का? इथल्या शेतकऱ्याने जमीन दिली, सरकारने रस्ते, पाणी, वीज, करात सवलत दिली, आम्ही बोटं दिली. करार होताना किती कोटी आणि किती रोजगार ते पहिल्या पानावर छापून येतं. कंपनी जाताना ते आकडे घेऊन तिच्या दारात कोण जातं? गिरण्यांच्या संपाला १८ जानेवारी १९८२ ला सुरुवात झाली, अडीच लाख माणसं. माझे सासरे त्यात होते. शेवटपर्यंत ते घरात म्हणायचे, संप मिटलाच नाही, जाहीर कुणी केलं? आम्ही हसायचो. आता मंडपात बसल्यावर त्यांचा चेहरा रोज डोळ्यांपुढे येतो.

मागणं फार नाही. वाद चालू असेतोवर कारखान्यातली डाय आणि यंत्रं हलवायला मनाई करा आणि कंत्राटी, ट्रेनी सगळे धरून डोकी मोजा. ज्या कंपनीने सरकारी सवलती घेतल्या, तिने कारखाना विकला तर माणसं यंत्रांबरोबर नव्या मालकाकडे गेली पाहिजेत, ही अट सवलतीच्या कागदावरच घाला. आमच्या बाबतीत ग्राहक कंपनी, व्हेंडर आणि युनियन यांची बैठक आपल्या दालनात लावा, आणि बंदरात माल जहाजावर चढायच्या आत लावा.

शेडमध्ये अजून अकरा डाय शिल्लक आहेत. सुरक्षारक्षकांतला एक आमच्या गल्लीतला आहे, त्याने निरोप पाठवलाय की उद्या रात्री परत ट्रेलर लागणार. मागच्या डाव्या दाराची डाय अजून आत आहे, तिसऱ्या रॅकपाशी, खालच्या भागावर पिवळ्या रंगाने ३१४ लिहिलंय. उद्या रात्री बारा वाजता मागच्या गेटवर आपल्या खात्याचा एक अधिकारी पाठवा. आम्ही दोनशे मीटर लांबच उभे राहू.

आपला,
एक डाय सेटर,
चाकण, ता. खेड, जि. पुणे.