कर्नल जुना, दोष कुणाचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उद्यमनगरात चहाच्या टपरीवर हल्ली एक तक्रार ऐकू येते: नवं सॉफ्टवेअर जुन्या लिनक्स कर्नलवर (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यावर) चालत नाही. "भावा, फुकटच्या सॉफ्टवेअरवाल्यांनीपण आता जुने पीसी बाद करायला घेतलेत!" मी स्वतः जुन्या मिलिंग मशिनला लिनक्ससीएनसी (पीसीवरून मशिन चालवणारं फुकटचं सॉफ्टवेअर) बसवून काम घेतो, तरी ही तक्रार मला पटत नाही.

माझ्या ओळखीच्या काही शॉपमध्ये अजून उबुंटू १०.०४ (२०१० मधलं लिनक्स) आणि २.६.३२ चा आरटीएआय कर्नल (ठरल्या क्षणी काम करण्यासाठी बदललेला) आहे. त्याला कारणही तसंच आहे. पॅरलल पोर्टमधून (पूर्वी प्रिंटर जोडायचो तो) स्टेपर मोटरला, म्हणजे एकेका पल्सला एकेक पाऊल फिरणाऱ्या मोटरला, पल्स वेळेवर गेली नाही, तर स्टेप चुकते आणि जॉब भंगारात जातो. त्या कर्नलवर लेटन्सी टेस्टचा (पल्सला किती उशीर होतो ते मोजणारी चाचणी) आकडा झकास येतो, म्हणून कुणी हात लावत नाही.

पण सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांचीही बाजू बघा. उदाहरणार्थ गेटरँडम हा सिस्टिम कॉल (प्रोग्रामने कर्नलकडे यादृच्छिक आकडे मागायची सोय) कर्नल ३.१७ मध्ये, २०१४ साली आला. त्याआधीच्या कर्नलवरही प्रोग्राम चालवायचा, तर त्याच कामाची दुसरी वाट लिहून ठेवावी लागते. ती वाट तपासणार कोण? जुना कर्नल वापरणारा बग कळवायला जात नाही. (आम्ही तर नाहीच.) रस्ट या प्रोग्रामिंग भाषेने २०२२ मध्ये किमान कर्नल ३.२ मागितला, तो २०१२ चा. दहा वर्षं सांभाळलं की! सिस्टिमडीने (लिनक्स चालू होताना बाकीच्या सेवा सुरू करणारा प्रोग्राम) २०२५ मध्ये ५.४ वर रेघ ओढली, तो २०१९ चा. मुदत आखडत चालली आहे, हे मान्य.

वेळेवर पल्स फक्त जुन्या कर्नलवरच मिळते, ही आपली सबबही आता लंगडी झाली आहे. नोव्हेंबर २०२४ मधल्या कर्नल ६.१२ पासून प्रीएम्प्ट-आरटी (वेळेवर काम करण्याची हीच सोय) मुख्य कर्नलमध्येच आलं, आणि डेबियन १३ हे लिनक्स याच कर्नलवर आहे. त्यावर लेटन्सी आरटीएआयपेक्षा जास्त येते, म्हणून पॅरलल पोर्टवर पल्सचा वेग कमी ठेवावा लागेल, नाहीतर मेसाचं कार्ड (पल्स स्वतःच तयार करणारं) घ्यावं लागेल. तो खर्च आहेच. डेबियन १३ मध्ये ३२ बिट पीसीसाठी कर्नल नाही, त्यामुळे जुन्या पेंटियमवाल्यांची पंचाईत होणार. ॲटम डी५२५ प्रोसेसरवाल्यांनी मात्र घाबरू नये, तो ६४ बिट चालवतो.

माझं खरं भांडण दुसऱ्याच गोष्टीशी आहे. नवा प्रोग्राम जुन्या पीसीवर टाकला की पडद्यावर एवढंच येतं: 'फेटल: कर्नल टू ओल्ड' (कर्नल फार जुना). मशिनवरच्या पोऱ्याने यातून काय समजायचं? किमान कर्नल कोणता आणि जुन्यावर चालणारी शेवटची आवृत्ती कोणती, या दोन गोष्टी डाउनलोडच्या बटणाशेजारीच लिहायला हव्यात. रिलीज नोट्सच्या तळाशी कोण वाचायला जातो? आणि ज्यांना जुनंच ठेवायचं आहे, त्यांनी सुरक्षेसाठी त्या पीसीची नेटची वायर काढून जी-कोड (मशिनला द्यायच्या सूचनांची फाइल) पेन ड्राइव्हने न्यावा.

इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजांनाही एक सुचवतो. शेवटच्या वर्षाला दरवेळी तीच लाइन फॉलोअर (रेघेवरून धावणारी) गाडी करण्यापेक्षा एकेका गटाने एकेका शॉपचं मशिन नव्या कर्नलवर आणून द्यावं, आधीची आणि नंतरची लेटन्सी कागदावर मांडावी. सुट्टीच्या दिवशी माझं मशिन मोकळंच असतं. चहा-नाष्टा माझ्याकडे.

– एक वर्कशॉपवाला, शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर