स्ट्रोब घ्या, पण आधी हातातला कॅमेरा बघा

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत पाण्याखालच्या फोटोग्राफीवर जे आलं ते वाचलं. विषय घेतला म्हणून आधी आभार, कारण आमच्या भंडारा-गोंदियाकडं फोटो म्हटलं की नागझिरा अन् वाघ, मामा तलावातल्या (म्हणजे जुन्या मालगुजारांनी बांधलेल्या तलावातल्या) मासोळीसाठी कॅमेरा कोण काढतं. पण नवीन माणसाला जो सल्ला दिला, की परवडेल तेवढा जास्त पॉवरचा स्ट्रोब, म्हणजे पाण्याखाली चालणारा वेगळा फ्लॅश, घ्या, तो काही पटला नाही बाप्पा.

एक तर कॅमेरा कोणता हे त्यात विचारलंच नाही. इकडच्या पोट्ट्यांकडं असतो गोप्रो, त्याला फ्लॅशही नाही अन् स्ट्रोबला पेटवायची सोयही नाही, म्हणजे कितीही महागाचा स्ट्रोब आणा, तो नुसता हातात धरून बसायचा, त्याला व्हिडिओ लाइटच पाहिजे. ऑलिम्पस टीजी-६ सारख्या छोट्या कॅमेऱ्यात स्वतःचा फ्लॅश असतो, तो चमकला की तो उजेड फायबर ऑप्टिक केबलमधून स्ट्रोबपर्यंत जातो अन् स्ट्रोब फायर होतो, हाउसिंगला, म्हणजे कॅमेऱ्याच्या पाणीबंद डब्याला, तारेसाठी भोक लागत नाही, तेवढी पाणी शिरायची भीती कमी. बऱ्याच मिररलेस कॅमेऱ्यांत आतला फ्लॅशच नसतो, तिथं हाउसिंगमध्ये एलईडी ट्रिगर, म्हणजे फ्लॅशऐवजी चमकून स्ट्रोबला पेटवणारा छोटा दिवा, बसवा, त्याचा खर्च वेगळा.

आता पॉवरचं. पाणी लाल रंग सगळ्यात आधी गिळतं, पाचेक मीटर खाली गेलं की लाल मासा मळकट दिसतो, म्हणून तर स्ट्रोब लागतो. पण स्ट्रोबचा उजेड पण पाण्यातूनच माशापर्यंत जातो अन् पाण्यातूनच लेन्सकडं परत येतो, म्हणजे अंतर दुप्पट. त्यामुळं तारकर्लीच्या समुद्रात काय अन् कुठं काय, रंग पाहिजे तर मीटरभराच्या आत जावंच लागतं, तिथं लहान स्ट्रोब पण पुरतो. अन् आमच्या तलावात पावसाळ्यानंतर स्वतःचा हात दिसत नाही, तिथं पॉवर वाढवली तर मासा नाही, गाळ उजळतो, अख्ख्या फोटोवर पीठ चाळल्यासारखे पांढरे ठिपके. याला बॅकस्कॅटर म्हणतात अन् तुमच्या लेखात याचं नावही नाही!

खरा इलाज आहे स्ट्रोब कुठं धरायचा यात. लेन्सच्या शेजारी चिकटवला की काम बिघडलं. आर्मवर, म्हणजे कॅमेऱ्याला जोडायच्या दांडीवर, बाजूला लांब न्यायचा, लेन्सच्या थोडा मागं ठेवायचा, अन् तोंड सरळ माशाकडं न करता जरासं बाहेर वळवायचं, म्हणजे उजेडाची नुसती कड माशाला लागते अन् लेन्स आणि मासा यांच्यामधलं पाणी अंधारातच राहतं. त्यासाठी शंभरेक अंशाचा बीम (उजेडाचा झोत) अन् वर उजेड पसरवणारा डिफ्यूजर असला तर सोपं जातं. म्हणून मी म्हणतो, स्ट्रोब साधा घ्या, पण बॉल जॉइंटचा दोन तुकड्यांचा आर्म अन् चांगले क्लॅम्प घ्या, तिथं कंजूसी नको. दुसरा स्ट्रोब वाइड अँगल करायला लागल्यावर बघता येईल.

टीटीएल, म्हणजे किती उजेड टाकायचा ते कॅमेराच ठरवतो ती सोय, असली तर ठीक, पण पॉवर कमी-जास्त करायचं बटण हाताला सापडणारं पाहिजे. चौथाई पॉवरवर लावा, स्क्रीन बघा, फिरवा, पुन्हा क्लिक, एवढंच. सेल साधे पेन्सिलचे चालतील असं मॉडेल बघा अन् त्यात रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड टाका, साध्या अल्कलाइनपेक्षा फ्लॅश लवकर तयार होतो.

अजून एक, आमच्या उन्हाचं. मे महिन्यात काठावर बसून हाउसिंग बंद केलं की आतली गरम हवा पाण्यात गार होते अन् काचेवर वाफ धरते, घरीच बंद करा अन् आत सिलिका जेलची पुडी टाका. हाउसिंगच्या झाकणाच्या रबरी कड्यावर, म्हणजे ओ-रिंगवर, एक केस राहिला तरी पाणी आत येतं, तलावाच्या धुळीच्या बांधावर बसून हाउसिंग उघडूच नका.

तलावात उतरायच्या आधी मच्छीमार सोसायटीला विचारा, जाळी लावलेली असतात, शिंगाड्याच्या वेलीत पाय गुंततो, एकट्यानं तर जाऊच नये.

दुसरा भाग येणार म्हणता, तर त्यात किमतीच्या बाजूला कोणत्या कॅमेऱ्याला कोणती केबल लागते एवढं तरी छापा साहेब, अन् फोटो मरळीचा टाका, प्रवाळाचा पुरे झाला.

आपला एक वाचक,
ता. साकोली, जि. भंडारा