अठराव्या वर्षी नवा केसपेपर, आणि तोही कोरा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बारावीचे निकाल लागले की आपल्या दैनिकात प्रवेशप्रक्रियेची माहिती देणारी पाने सुरू होतात. कोणत्या शाखेला कोणती कागदपत्रे लागतात, जातपडताळणीचा अर्ज कधी करावा, वसतिगृह कसे मिळवावे, हे सारे त्यांत असते आणि सोलापूरच्या पूर्व भागातील एक माध्यमिक शिक्षिका म्हणून ती पाने मी दरवर्षी शाळेच्या फलकावर लावते. याच वयात काही मुलांना आणखी एक दार ओलांडावे लागते. ते म्हणजे लहान मुलांच्या डॉक्टरांकडून मोठ्यांच्या डॉक्टरांकडे जाण्याचे. टाइप वन मधुमेह, थॅलेसेमिया, ऱ्हुमॅटिक तापाने बिघडलेली हृदयाची झडप, जन्मजात हृदयदोष, फिट येण्याचा आजार, मूत्रपिंडाचा जुना विकार असे दुखणे घेऊन वाढलेल्या या मुलांना ते दार कसे ओलांडावे हे कोणीही सांगत नाही, आणि त्याची किंमत मी माझ्या घरात पाहिली आहे, म्हणून हे पत्र.

माझ्या मुलीला सातव्या वर्षी टाइप वन मधुमेह झाला. पुढची अकरा वर्षे तिला एकाच बालरोगतज्ज्ञांनी पाहिले. तिची वाढ, तिची परीक्षा, गड्ड्याच्या यात्रेत काय खाल्ले आणि त्या रात्री साखर किती चढली, हे सारे त्यांना ठाऊक असे. ती अठरा वर्षांची झाली त्या महिन्यात, तपासणी संपून आम्ही उठत असताना, ‘आता पुढच्या वेळेपासून मोठ्यांच्या डॉक्टरांना दाखवा,’ एवढे एक वाक्य आम्हाला ऐकायला मिळाले. कोणाला दाखवावे, सोबत काय न्यावे, तिथे काय वेगळे असेल, यावर बोलणे झाले नाही. आम्हीही विचारले नाही.

नव्या ठिकाणी नवा केसपेपर निघाला आणि त्यावर फक्त नाव, वय व ‘मधुमेह’ एवढेच लिहिले गेले. बाकावर सगळे साठीच्या पुढचे रुग्ण होते आणि ‘एवढ्याशा पोरीला साखर?’ हा प्रश्न तिने त्या एका सकाळी तीन वेळा ऐकला. डॉक्टरांसमोर गर्दी होती. त्यांनी सद्भावनेनेच विचारले की गोळ्यांवर भागते का ते पाहायचे का. टाइप वनमध्ये स्वादुपिंड इन्सुलिन जवळजवळ तयारच करत नाही, त्यामुळे गोळ्या त्याची जागा घेऊ शकत नाहीत, हे माझ्या मुलीला पाठ होते. ती नवव्या वर्षापासून स्वतःच्या हाताने इंजेक्शन घेत आली आहे. तरीही ती गप्प बसली, कारण अकरा वर्षे डॉक्टरांशी बोलण्याचे काम मीच केले होते. हा दोष माझा आहे आणि तो मी इथे लिहून ठेवते.

त्यानंतर ती पदवीसाठी पुण्याला गेली. ‘पुण्यातच डॉक्टर बघते,’ असे ती म्हणाली आणि मी ते खरे मानले. प्रत्यक्षात सात महिने ती कोणाकडेच गेली नव्हती. जुन्या चिठ्ठीवर औषधाच्या दुकानातून इन्सुलिन आणत होती, पट्ट्या महाग म्हणून साखर मोजणे तिने कमी केले होते आणि परीक्षेच्या दिवसांत डोस चुकत गेले. शेवटी उलट्या आणि धाप लागली तेव्हा खोलीतल्या मैत्रिणीने तिला रुग्णालयात नेले. कीटोअॅसिडोसिस, म्हणजे इन्सुलिन कमी पडून रक्तात आम्ल साचण्याची जीवघेणी अवस्था, झाला होता. तीन दिवस ती अतिदक्षता विभागात होती. आज ती वीस वर्षांची आहे, सुखरूप आहे, आणि तिच्या संमतीनेच मी हे लिहीत आहे.

हा प्रश्न वैद्यकशास्त्राच्या यशातून जन्मला आहे, हे मला आवर्जून सांगावेसे वाटते. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटो येथे इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन ज्याला देण्यात आले, तो चौदा वर्षांचा मुलगा होता. त्याआधी अशी मुले वाचत नसत. तो मुलगा पुढे आणखी तेरा वर्षे जगला. थॅलेसेमियाची मुले, हृदयावर शस्त्रक्रिया झालेली मुले आज अशीच मोठी होत आहेत, आणि बालरोग विभागाने हिमतीने वाचवलेले हे जीव वयात येताच कोणाचेच राहत नाहीत, ही मला फार वेदना देणारी गोष्ट वाटते. शिवाय हे वय मुळातच अवघड असते. वयात येताना शरीरातील संप्रेरकांमुळे इन्सुलिनची गरज वाढते. त्याच काळात घर सुटते, जेवणाच्या वेळा बदलतात, आणि आपण आजारी आहोत हे चारचौघांत दिसू नये असे मुलांना मनापासून वाटते.

शाळेत मी जे पाहिले तेही सांगते. माझ्या एका विद्यार्थ्याला झडपेच्या आजारासाठी दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन लागे. आई घरी विड्या वळते, पण त्या दिवशीची मजुरी सोडून ती त्याला न चुकता नेत असे. सतराव्या वर्षी तो यंत्रमागावर लागला, पाळी बारा तासांची, आणि इंजेक्शन थांबले. झडप बिघडलेली असेल तर हे इंजेक्शन किमान दहा वर्षे आणि कित्येकदा चाळिशीपर्यंत चालू ठेवावे लागते, हे त्या मुलाला स्वतःला कोणी कधी सांगितलेच नव्हते. जे काही सांगितले ते आईला सांगितले होते. त्याच्या समजुतीप्रमाणे ते ‘लहानपणीचे इंजेक्शन’ होते. बाविसाव्या वर्षी त्याला जिना चढताना दम लागू लागला, तेव्हा झडप आणखी खराब झाल्याचे कळले.

मुलींच्या बाबतीत तर गप्प बसणे अधिक महागात पडते. फिट येऊ नये म्हणून दिल्या जाणाऱ्या सोडियम व्हॅलप्रोएट या औषधाने गर्भाला गंभीर इजा होऊ शकते. बाळाचा मेंदू आणि मणका ज्यापासून बनतो ती नलिका गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते, म्हणजे दिवस गेल्याचे अनेकींना कळण्याच्या आतच. मधुमेही मुलीचेही तसेच आहे. साखर गर्भधारणेच्या आधीपासून आटोक्यात असावी लागते, कारण बाळाचे अवयव पहिल्या आठ आठवड्यांतच घडतात. औषध आपल्या मनाने बंद करणे तितकेच धोक्याचे असते. म्हणून हा विषय लग्न ठरण्यापूर्वी, डॉक्टरांनी त्या मुलीशी स्वतंत्रपणे बोलून काढायला हवा. आपल्याकडे मात्र मुलगी अठरा-एकोणीसची झाली की स्थळे येऊ लागतात आणि आजार लपवण्याचा सल्ला जवळचेच नातेवाईक देतात. सासरी फ्रिजमध्ये इन्सुलिन ठेवायची चोरी झाली म्हणून डोस चुकवणाऱ्या दोघीजणींना मी ओळखते. मुलीचे लग्न मोडेल या भीतीची मला कल्पना आहे, मीही आई आहे. तरीही ज्या घरात ही बाटली उघडपणे ठेवता येत नाही तिथे मुलीला देऊ नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

सरकारी योजना नाहीत असे नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्याचे पथक आमच्या शाळेत दरवर्षी येते, जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करते, आणि त्या पथकामुळे काही मुलांचे हृदयदोष वेळीच सापडले हे मी कृतज्ञतेने नमूद करते. २०१४ मध्ये आलेला किशोर स्वास्थ्य कार्यक्रम दहा ते एकोणीस वर्षांसाठी आहे. मधुमेह, रक्तदाब यांसाठी आरोग्य केंद्रांत जी नियमित तपासणी होते ती तिशीपासून पुढे. या आकड्यांकडे एकदा नीट पाहावे. एक यादी अठराव्या वर्षी संपते, दुसरी तिसाव्या वर्षी सुरू होते, आणि मधली बारा वर्षे ज्यांना आजार आधीपासूनच आहे त्यांचे नाव पुढे कोण कोणाला कळवणार, हे ठरलेले मला तरी कुठे दिसले नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या पहिल्या टप्प्यात, २०१२ मध्येच, आपला जिल्हा होता. पण ती मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. दर महिन्याच्या पट्ट्या, सुया आणि तपासण्या यांचा भार घरावरच राहतो.

इंग्लंडमधील ‘नाइस’ या राष्ट्रीय संस्थेने फेब्रुवारी २०१६ मध्ये या हस्तांतराविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांतील गोष्टींना फार पैसा लागतो असे मला दिसत नाही. तयारी तेराव्या-चौदाव्या वर्षी सुरू करावी. बदलाचा दिवस केवळ वाढदिवसावरून ठरवू नये, प्रकृती स्थिर असताना तो निवडावा. प्रत्येक मुलामागे एक ठरावीक व्यक्ती जबाबदार असावी. मोठ्यांच्या डॉक्टरांची भेट बदलापूर्वीच घडावी. आणि नव्या ठिकाणी मूल आले नाही तर त्याचा शोध घ्यावा. या शेवटच्या सूचनेपाशी मी थांबले. सात महिन्यांत एक फोन आला असता तर माझ्या मुलीचे ते तीन दिवस टळले असते, असे मला आजही वाटते.

सोलापुरात हे जमण्यासारखे आहे. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पासून इथे आहे आणि त्याच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये बालरोग आणि औषधवैद्यक (मोठ्यांच्या आजारांचा) असे दोन्ही विभाग आहेत. महिन्यातून एक दुपार दोन्ही विभागांच्या डॉक्टरांनी एकत्र बसून सोळा ते एकवीस वयाच्या या मुलांना पाहावे, एवढीच माझी पहिली विनंती आहे. एका अनुभवी सिस्टरकडे या मुलांची वही आणि फोन असावा. जाताना प्रत्येकाच्या हातात एक पान द्यावे. त्यावर आजाराचे नेमके नाव, केव्हापासून, कोणती शस्त्रक्रिया, सध्याची औषधे, कशाची अॅलर्जी, डोळ्यांची व लघवीची तपासणी केव्हा झाली आणि तातडीच्या वेळी काय करावे, हे लिहिलेले असावे. समजावताना तेलुगू आणि कन्नडही वापरावी, कारण आमच्या भागात आणि अक्कलकोटकडे कित्येक घरांत मराठी शाळेपुरतीच असते. आपली निम्मी मुले हुतात्मा एक्सप्रेस धरून पुण्याला जातात, असे म्हटले तरी सोलापूरकरांना ते फारसे वावगे वाटणार नाही. तेव्हा पुण्यात कुठे जायचे हेही त्याच पानावर असले तर फार बरे होईल.

शाळेनेही काही करायला हवे. बाल स्वास्थ्य पथकाने नववी-दहावीत अशा मुलांची यादी करून ती पुढच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे सोपवावी, आम्ही शिक्षक त्यात मदत करू.

पालकांना मी एवढेच सांगेन की मूल तेराचे झाले की तपासणीच्या खोलीत आधी त्याला बोलू द्यावे आणि काही मिनिटे आपण बाहेर बसावे. औषधाचे नाव, डोस, साखर कमी झाल्याची लक्षणे त्याने स्वतः सांगावीत. पुढची तारीख त्यानेच लक्षात ठेवावी. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा बेचाळिशीला टेकतो आणि वसतिगृहात फ्रिज नसतो, तेव्हा इन्सुलिन माठाच्या गारव्यात कसे जपावे, हेही घर सोडण्यापूर्वी त्याच्याकडून करवून घ्यावे. मी हे फार उशिरा केले.

शहरातील बालरोगतज्ज्ञ आणि फिजिशियन आपले दैनिक वाचतात. अशी एकत्रित दुपार सुरू करण्यास कोणी तयार असतील, तर त्यांचे निवेदन आपण छापावे, ही नम्र विनंती. पालकांना एकत्र आणण्याचे काम आम्ही काही आया आनंदाने करू. माझा पत्ता आपल्या कार्यालयाकडे सोबतच्या चिठ्ठीत दिला आहे. मुलीच्या खासगीपणासाठी नाव मात्र प्रसिद्ध करू नये.

आपली विश्वासू,
एक शिक्षिका व पालक
पूर्व भाग, सोलापूर