एकच सीट असली की बाईला तिकीट नाही

संपादक साहेब, नमस्कार.

2024 ला विधानसभेत 288 पैकी जेमतेम 21 बायका निवडून आल्या आणि लोक लगेच म्हणतात बायकांनाच राजकारणात इंटरेस्ट नाही, मग झेडपी ग्रामपंचायतीत निम्म्या जागा राखीव आहेत तिथे इतक्या बायका कुठून येतात हो? भानगड सिस्टीमची आहे. मतदारसंघात सीट एकच, मग पक्ष 'निवडून येण्याची क्षमता' बघतो आणि ती क्षमता म्हणजे पैसा, साखर कारखाना, गाड्यांचा ताफा, आणि ती नेमकी आमदारांच्या पोराकडेच सापडते!

नेपाळचं बघा. 2017 च्या निवडणुकीत थेट लढतीच्या 165 जागांवर फक्त 6 बायका जिंकल्या आणि मतांच्या प्रमाणात पक्षांच्या यादीतून भरायच्या 110 जागांवर 84. देश तोच, मतदार तेच, पक्ष पण तेच. तिथल्या घटनेत संसदेत एक तृतीयांश महिला पाहिजेतच असं लिहिलंय, म्हणून पक्षांनी थेट लढतीत पुरुष उभे केले आणि कोटा यादीतून भरून काढला. (अर्थात यादीत नाव यायला नेत्यांची मर्जी सांभाळावी लागतेच, ते वेगळं.)

आपल्याकडे अजून एक त्रास म्हणजे सोडत, महापालिकेत कुठला वॉर्ड बायकांना राखीव हे निवडणुकीआधी चिठ्ठ्या काढून ठरतं. राखीव वॉर्ड ओपन झाला की पाच वर्षं नळाच्या लाईनसाठी भांडलेल्या ताई घरी आणि चौकात बॅनर त्यांच्या मिस्टरांचा. लोकसभा-विधानसभेत बायकांना 33 टक्के जागा देणाऱ्या 2023 च्या कायद्यात राखीव जागा प्रत्येक निवडणुकीला नाही, मतदारसंघांच्या पुढच्या फेररचनेनंतर बदलणार आहेत, मग तसंच महापालिकेला का करत नाहीत?

– एक वाचक, सातारा